तेरीज जुळली, खतावणी चुकली : एका पतपेढीच्या बाकी यादीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या एका मोठ्या आस्थापनेच्या कर्मचाऱ्यांची ही पतपेढी. परळच्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे कार्यालय. पगारी माणसे दोनच, दोघीही लिपिक. अध्यक्ष, सचिव, खजिनदार हे सगळे मानद, ड्यूटी संपवून संध्याकाळी येऊन बसणारे. सभासद अठराशेच्या आतबाहेर. ओळख पटू नये म्हणून संख्या आणि काही तपशील बदलले आहेत. अंतर्गत तपासणीच्या निमित्ताने हे प्रकरण मला जवळून पाहता आले.

व्यवहार नेहमीचाच. पगारातून कपात होऊन सक्तीची ठेव आणि कर्जाचा हप्ता जमा होतो. कर्जे दोन प्रकारची, दीर्घ मुदतीचे आणि आकस्मिक. दीर्घ मुदतीच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि ते सभासदांपैकीच असावे लागतात. ही शेवटची अट पुढे फार महत्त्वाची ठरली.

हिशेब विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यातल्या एका प्रोग्रॅमवर चालत. तो लिहिणारा माणूस केव्हाच संपर्काबाहेर गेलेला. डेटा त्याने स्वतःच्या बांधणीच्या फाइलींत ठेवलेला, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडत नव्हत्या. प्रोग्रॅमला एकच गोष्ट उत्तम जमत होती, ती म्हणजे छापणे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरऐवजी तीच छपाई फाइलीत उतरवण्याची सोयही त्यात होती. त्यामुळे संस्थेचा सगळा इतिहास बाहेर काढायला एकच दार उरले होते : १३२ अक्षरे रुंद ओळींच्या छापील याद्यांची मजकूर फाइल. १३२ हा आकडा मोठ्या लाइन प्रिंटरांपासून आला. आयबीएमचा १९५९ सालचा १४०३ हा प्रिंटर एका ओळीत १३२ अक्षरे छापायचा. पडद्यावरची ८० अक्षरांची ओळ १९२८ सालच्या पंचकार्डापासून आली. जुन्या फाइलींच्या रुंदीला असा वंशवृक्ष असतो, आणि तो माहीत असला की निम्मे काम सोपे होते.

समितीने नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले. ३१ मार्चच्या बाक्या घालून १ एप्रिलपासून नव्यावर काम सुरू करायचे होते. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे कायद्याने बंधनकारक. त्यामुळे मधल्या काळात घोळ झाला तर तो लेखापरीक्षणात आणि नंतर सभेतही निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

अडचण

नव्या सॉफ्टवेअरला हवी होती प्रत्येक कर्जासाठी एक ओळ. रकान्यांमध्ये टॅब, रकमेत स्वल्पविराम नाहीत, तारखेत वर्ष चार अंकी, आणि प्रत्येक ओळीवर सभासद क्रमांक.

जुनी बाकी यादी माणसाने वाचायला केलेली होती. तिची मांडणी साधारण अशी :

पहिली ओळ : सभासद क्रमांक, नाव, शेअर, सक्तीची ठेव, कर्ज प्रकार, कर्ज क्रमांक, कर्जाची बाकी, तारखा.
त्याखालच्या दोन ओळी : डावीकडे थोडी जागा सोडून जामीनदारांचे सभासद क्रमांक आणि नावे.
सभासदाला दुसरे कर्ज असल्यास आणखी एक ओळ : डावीकडचा अर्धा भाग कोरा, मग कर्ज प्रकार, क्रमांक, बाकी.

छापील कागदावर हे लख्ख कळते. कोऱ्या जागेचा अर्थ ‘वरचाच सभासद’ असा आहे, हे डोळा आपोआप समजून घेतो. ठेवीच्या रकान्यात काही नसेल तर ठेव शून्य आहे, हेही. शिवाय प्रत्येक पानावर मथळा, पानाची बेरीज, शेवटी एकूण बेरीज. नाव तीस अक्षरांपर्यंत, पूर्ण तीस भरले तर त्याच्या आणि शेअरच्या रकमेच्या मध्ये जेमतेम एक स्पेस.

समोरचे पर्याय

सगळे हाताने टाइप करणे हा लिपिकांचा पहिला प्रस्ताव. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास होता आणि तो अनाठायी नव्हता. पण फेब्रुवारीत चाचणी आणि मार्चअखेर पुन्हा पूर्ण भरणा, म्हणजे तेच काम दोनदा. दरमहा पगार विभागाकडून येणारी वसुली यादीही अशाच छापील स्वरूपाची, म्हणजे ती जन्मभर टाइप करत बसा.

एक्सेलचा पर्याय सचिवांचा. त्यात ठरावीक रुंदीवर उभ्या रेघा ओढून रकाने पाडता येतात, आणि एकदाच करायचे काम असेल तर ते वाईट नाही. मात्र रकान्याला ‘मजकूर’ म्हणून आधीच सांगितले नाही तर एक्सेल क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये खातो आणि पंधरा अंकांपलीकडचे बँक खाते क्रमांक शून्याने भरून टाकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे ‘वरचाच सभासद’ हा अर्थ एक्सेलला आपोआप कळत नाही, आणि माउसने केलेल्या कामाची नोंद मागे राहत नाही. पुढच्या महिन्यात तेच पुन्हा, आठवणीवर.

एका इंटरनेट सेवेवर फाइल चढवून रूपांतर करून घ्यावे, असेही कोणीतरी सुचवले. सभासदांची कर्जे कोणाच्या तरी सर्व्हरवर पाठवायची नाहीत म्हणून खजिनदारांनी ते तिथेच थांबवले. जुन्या डेटा फाइली फोडून वाचणारा माणूस शोधण्याचा विचारही झाला. त्यासाठी कोणी ठाम शब्द देईना.

शेवटी एका सभासदाची मुलगी पुढे आली. ऐरोलीला नोकरी, काम सर्व्हर सांभाळण्याचे, रोजचा संबंध लिनक्सच्या कमांड लाइनशी, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याशी. तिने लॅपटॉपवर यादी उघडली, थोडा वेळ वरखाली केली आणि म्हणाली, “काका, ऑकमध्ये होईल हे. एकदा लिहिलं की दर महिन्याला एक एंटर.” ऑक १९७७ साली बेल लॅब्समध्ये तयार झाले, आणि आहो, वाइनबर्गर व कर्निहान या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव पडले. ओळीओळीने मजकूर वाचायचा, रकाने पाडायचे, हवे तसे पुन्हा मांडायचे, हेच त्याचे काम. समितीने होकार दिला. माझ्या मते निवड बरोबर होती. पायथॉन ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा घेतली असती तरी पुढचे सगळे प्रश्न आले असते. तिच्या पांडाज या तयार कोडच्या संचातले ठरावीक रुंदीचे वाचनही, रुंदी आपण सांगितली नाही तर, पहिल्या १०० ओळी पाहून रकान्यांचा अंदाज बांधते. पहिल्या शंभरांत एखादा रकाना कोरा असला की संपलेच.

पहिला प्रयत्न : फटींवरून रकाने

३१ जानेवारीची यादी चाचणीला घेतली. ऑकची मूळ सवय अशी की सलग कितीही स्पेस आल्या तरी ती त्यांना एकच फट समजते. नावात तीन-चार शब्द असल्याने हे चालणार नव्हते. म्हणून ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस काढून टाकून ‘दोन किंवा अधिक स्पेस आल्या की रकाना बदलला’ असा नियम तिने केला. या कामात पडलेले बहुतेक लोक हीच युक्ती करतात, कारण पहिल्या पानावर ती झकास चालते.

मथळे काढायला तिने ग्रेप ही शब्दावरून ओळी गाळणारी आज्ञा वापरली : ज्या ओळीत पान किंवा तारीख हे इंग्रजी शब्द असतील त्या गाळा. सभासद ओळखायला नियम असा : ओळ पाच अंकी आकड्याने सुरू होत असेल तर तो सभासद क्रमांक, लक्षात ठेवा. पुढे कर्ज प्रकाराने सुरू होणारी ओळ आली की ती शेवटच्या लक्षात ठेवलेल्या क्रमांकावर टाका.

बेरजा जुळल्या नाहीत. शेअर कमी, ठेव कमी, कर्जही थोडे कमी.

शेअर आणि ठेवीची गफलत लवकर सापडली. ज्यांची ठेव कोरी होती त्यांच्या ओळीत पुढचा प्रत्येक रकाना एक घर डावीकडे सरकला होता आणि कर्ज प्रकार ठेवीच्या जागी येऊन बसला होता. नाव पूर्ण तीस अक्षरांचे असलेल्यांचे शेअर नावालाच चिकटले होते. यावर तिने डागडुजी केली : रकाने कमी भरले तर कर्ज प्रकार कितव्या घरात आला ते पाहून कोणता रकाना कोरा असेल ते ठरवायचे.

कर्जाच्या तुटीचा माग लिपिकबाईंनी काढला, तोही पानांच्या बेरजांवरून. सुदैवाने त्या ओळी फेकून दिल्या नव्हत्या. एकेका पानाची बेरीज ताडून पाहता मोजक्या पानांवरच फरक निघाला, आणि त्या पानांवर गायब होते ते सगळे दाते आणि पागे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दाते आणि ‘डेट’ ही एकच चार अक्षरे. पागे आणि ‘पेज’ही तसेच. मथळ्यांबरोबर तिने निरपराध सभासदही गाळले होते. कार्यालयात दोन दिवस यावर हसणे चालले. मुंबईतल्या कुठल्याही मराठी यादीत ही आडनावे असणारच, आणि इंग्रजीत विचार केलेल्या गाळणीला ती कधीच दिसणार नाहीत.

मथळा ओळखण्याचा नियम बदलला : शब्द पाहायचा नाही, पान बदलाच्या चिन्हानंतरच्या ठरावीक ओळी वगळायच्या. पुन्हा चालवले. शेअर, ठेव, दोन्ही कर्जे, सगळ्यांची तेरीज, म्हणजे एकूण बेरीज, पैशापर्यंत जुळली.

पहिला निर्णायक क्षण

इथे समितीसमोर खरा प्रश्न होता. बेरजा जुळल्या आहेत, पण स्क्रिप्टमध्ये, म्हणजे तिने लिहिलेल्या आज्ञांच्या फाइलीत, अंदाजांची ठिगळे लागली आहेत. पुढे जायचे, की मुळातून पुन्हा लिहायचे?

खजिनदारांचे म्हणणे, “पैसा न् पैसा जुळतोय, आता कशाला हात लावायचा?” मुलीला कोऱ्या रकान्यांचे अंदाज खटकत होते. “आत्ता जुळतंय, पण पुढच्या महिन्यात कोणाचं दुसरंच काही कोरं आलं तर?” एवढे ती बोलली, पण जुळलेल्या तेरजेपुढे तिचा आवाज तोकडा पडला. हिशेबाच्या माणसाला तेरीज जुळण्याचे जे समाधान असते ते बाहेरच्याला सांगून कळत नाही, आणि इथे तेच समाधान आडवे आले. समितीने पुढे जायचे ठरवले आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीचा भरणा झाला.

दोनच दिवसांनी एक लिपिकबाई नमुन्यादाखल पासबुके छापून पाहत होत्या. एका पासबुकावर त्या थांबल्या. “ह्यांनी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही. जामीन मात्र चार जणांना राहिल्यात.”

घडले होते ते असे. जामीनदाराची ओळही पाच अंकी क्रमांकानेच सुरू होत होती. डावीकडे सोडलेली जागा स्क्रिप्टने आधीच पुसून टाकल्याने ती ओळ सभासदाच्या ओळीसारखीच दिसली आणि जामीनदाराचा क्रमांक ‘शेवटचा सभासद’ म्हणून लक्षात ठेवला गेला. त्याखाली आलेले कर्जदाराचे दुसरे कर्ज मग थेट जामीनदाराच्या नावावर. एकूण कर्जाची बेरीज तीच, प्रकारवार बेरीजही तीच, फक्त माणूस वेगळा : तेरीज जुळली, पण खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, चुकली. शोधल्यावर अशी पन्नासच्या वर खाती निघाली. एप्रिलच्या पगारातून या सगळ्यांची दुसऱ्याच्या कर्जापोटी कपात झाली असती, आणि मित्राला जामीन राहिलेल्या माणसाशी त्या विषयावर बोलण्याची पाळी मी कोणावरही येऊ देणार नाही.

दुसरा प्रयत्न : जागेवरून रकाने

आता स्क्रिप्ट कोऱ्या फाइलीत नव्याने लिहायचे ठरले. या वेळी सुरुवात कमांडपासून झाली नाही. यादीचे एक पान छापून त्यावर पट्टीने अक्षरांच्या जागा मोजल्या : क्रमांक १ ते ५, नाव ७ ते ३६, शेअर ३८ ते ४९, असे शेवटपर्यंत. जामीनदाराचा क्रमांक दहाव्या जागेवरून सुरू होतो, तेव्हा १ ते ५ कोऱ्या असतात. म्हणजे ओळीचा प्रकार कोणत्या जागा भरलेल्या आहेत यावरूनच ठरतो, अंदाजाची गरज नाही. ऑकमध्ये उपमजकूर, म्हणजे ओळीतला तुकडा, काढणारे फंक्शन आहे, त्याला सुरुवातीची जागा आणि लांबी द्यायची. आत काही सापडले तर रकाना भरलेला, नाही तर कोरा, आणि कोरा रकाना कोराच पुढे जाणार.

जागा मोजण्याआधी एक साफसफाई लागली. फाइलीत प्रिंटरसाठीचे अदृश्य संकेत होते : बारीक छपाई सुरू करणारा १५ क्रमांकाचा, बंद करणारा १८ क्रमांकाचा, आणि ठळक छपाईसाठी इस्केप या संकेतानंतर ई हे अक्षर, ती थांबवायला इस्केपनंतर एफ. पडद्यावर हे दिसत नाहीत पण ओळीत जागा खातात. न छापता येणारी सगळी अक्षरे टीआर या अक्षरे बदलणाऱ्या वा काढणाऱ्या आज्ञेने उडवून दिली तर इस्केप जातो आणि त्याच्यामागचे ई हे अक्षर मागे राहते, म्हणजे ओळ एका घराने सरकलेलीच. त्यामुळे सेड या मजकूर शोधून बदलणाऱ्या आज्ञेने आधी जोडी काढायची, मग एकेकटे संकेत. हाच क्रम. ओळीच्या शेवटी विंडोजकडून आलेले कॅरेज रिटर्न हे अदृश्य चिन्हही तेव्हाच काढायचे, नाहीतर ते शेवटच्या रकान्याला चिकटून पुढे प्रत्येक तुलना बिघडवते.

मध्ये एक वळण आले, ते सांगण्यासारखे आहे. ऑकच्या अनेक आवृत्त्या आहेत. त्यांपैकी ग्नू ऑकमध्ये ‘फील्डविड्थ्स’ नावाचा चल, म्हणजे किंमत साठवणारे नाव, असतो. त्यात रुंद्यांची यादी दिली की ऑक आपणहून जागेवरून रकाने पाडते. तिच्या लॅपटॉपवर ते छान चालले. कार्यालयातल्या संगणकावर विंडोजमध्येच उबुंटू हे लिनक्स बसवले होते, तिथे तीच स्क्रिप्ट चालवली तर रकाने पुन्हा फटींवरून पडलेले, आणि चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर नाही. उबुंटूमध्ये मुळात येते ती एमऑक ही वेगळी आवृत्ती. त्याला हा चल माहीत नाही. त्याने तो साधा चल समजून बाजूला ठेवला आणि नेहमीच्या पद्धतीने काम केले. ग्नू ऑक बसवणे हा एक उपाय होता. तिने उपमजकुराचे फंक्शन पसंत केले, कारण ते कुठल्याही ऑकमध्ये सारखेच चालते. ती उद्या उपलब्ध नसेल तेव्हा स्क्रिप्ट कोणत्या संगणकावर चालेल हे कोणाच्याच हातात नव्हते, त्यामुळे मलाही हाच निर्णय पटला.

रकमांचे स्वल्पविराम काढून त्या पैशांत रूपांतरित केल्या, कारण ऑक दशांशाचे हिशेब अंदाजे साठवते आणि हजारो रकमांच्या बेरजेत एखादा पैसा इकडचा तिकडे होऊ शकतो. पूर्णांकात तो धोका नाही.

तारखांत वर्ष दोन अंकी. प्रचलित संगणकीय संकेतानुसार ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. निवृत्तीला टेकलेल्या सभासदांची जन्मसाले नेमकी ६६, ६७, ६८ अशी. संकेत तसाच वापरला असता तर हे लोक अजून जन्माला यायचे होते. म्हणून जन्मतारखेला सरसकट एकोणीसशे धरायचे आणि जन्म भरतीच्या तारखेनंतरचा निघाला तर ओळ बाजूला काढायची, असा नियम केला. दोन हजारनंतर जन्मलेले मूठभर तरुण सभासद हाताने तपासले.

तपासणीची पद्धत बदलली

बेरीज जुळणे पुरेसे नाही हे तर कळले होते. मग पुरेसे काय? यावर मला या प्रकरणातली सर्वांत चांगली कल्पना तिची वाटते. तिने दुसरी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती नव्या टॅबवाल्या फाइलीतून जुनी छापील यादी पुन्हा तयार करते : त्याच रुंद्या, तेच कोरे रकाने, जामीनदार त्याच जागी. मग मूळ यादी, मथळे वगळून, आणि ही पुन्हा घडवलेली यादी डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेला द्यायची. एखादे कर्ज चुकीच्या माणसाकडे गेले असेल, एखादी ओळ गळली असेल, एखादा रकाना सरकला असेल, तर ती जागा डिफ ओळ क्रमांकासह दाखवते.

पहिल्या खेपेला फरक निघाले ते सगळे पान बदलाशी होते. एखाद्या सभासदाचे दुसरे कर्ज पुढच्या पानावर गेले की प्रोग्रॅम त्याचे नाव ‘पुढे चालू’ म्हणून पुन्हा छापायचा. हे कोणाच्या लक्षातच नव्हते. नियमात भर घातली. त्यानंतर डिफने काही दाखवले नाही.

आणखी एक छोटा बदल केला. स्क्रिप्टला जी ओळ कोणत्याच प्रकारात बसवता येत नाही ती वेगळ्या फाइलीत जाते, आणि त्या फाइलीत काहीही असेल तर काम तिथेच थांबते. पहिल्या आवृत्तीत अशा ओळी चुपचाप वगळल्या जात होत्या.

मराठी नावे

सभेच्या नोटिशीसाठी सभासदांची नावे देवनागरीत हवी होती. ती संस्थेच्या निवडणुकीच्या मतदार यादीत युनिकोडमध्ये टाइप केलेली होती. दोन्ही याद्या जॉइन या कमांडने जोडायच्या ठरल्या. नावावरून जोडण्याचा मोह होता, पण एक यादी इंग्रजीत, दुसरी मराठीत. मराठीतही कऱ्हाडे, गोऱ्हे यांसारख्या नावांतला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या क्रमांनी साठवता येतो. दिसायला एकच, तुलनेत वेगळा. म्हणून जोड सभासद क्रमांकावर.

मतदार यादीत क्रमांकही देवनागरी अंकांत होते आणि सुरुवातीची शून्ये नव्हती. अंक बदलायला टीआर सुचले, पण ग्नू टीआर बाइटवर काम करते आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, त्यामुळे निघाला तो काला. सेडमधल्या वाय या आज्ञेने, दहा अंकांसमोर दहा अंक लिहून, काम सरळ झाले. जॉइनला दोन्ही फाइली एकाच वर्णक्रमाने लावलेल्या लागतात. क्रम लावणारी सॉर्ट आणि जॉइन या दोन्ही आज्ञांना ‘सी’ नावाचा साधा बाइटवार क्रम सक्तीने सांगितल्यावर ते बिनतक्रार जुळले.

छापील नोटिशीत मात्र कमांड लाइनवर रकाने सरळ आले नाहीत. मात्रा आणि वेलांट्या मोजणीत स्वतंत्र अक्षरे धरल्या जातात, पडद्यावर त्यांना वेगळी जागा नसते, मग उजवीकडची कड नागमोडी. त्यावर वेळ न घालवता टॅबवाली फाइल सरळ तक्त्यात घेतली आणि तिथून छापली.

निष्पन्न

३१ मार्चच्या यादीवर स्क्रिप्ट चालली, अनोळखी ओळींची फाइल रिकामी आली, डिफ शांत राहिला आणि भरणा झाला. एप्रिलची कपात नव्या यादीप्रमाणे गेली. सभासदांना बाकी निश्चितीची पत्रे पाठवली होती. ज्या थोड्या तक्रारी आल्या त्यांत रूपांतराची एकही नव्हती. त्या जुन्याच होत्या, वर्षानुवर्षे कोणी पत्र न पाठवल्यामुळे दबून राहिलेल्या. तेवढे सोडवायला लिपिकांना पावसाळा लागला. सभा सप्टेंबरमध्ये वेळेत पार पडली.

काम काही स्वस्तात पडले नाही. फेब्रुवारीतला चाचणीचा भरणा पूर्ण पुसून पुन्हा करावा लागला आणि नव्या सॉफ्टवेअरवाल्याने त्याचे वेगळे बिल लावले.

काय वेगळे करता आले असते

पट्टीने जागा मोजण्याचे काम पहिल्या दिवशी करता आले असते. त्याला अर्धा तास लागतो, संगणकही लागत नाही, आणि ज्या लिपिकांनी ही यादी वर्षानुवर्षे वाचली त्यांना शेजारी बसवले असते तर जामीनदाराची ओळ आणि ‘पुढे चालू’ दोन्ही तेव्हाच समोर आले असते. त्यांना बोलावले गेले ते पासबुके छापण्यापुरते. यादीचे स्वरूप माहीत असलेली माणसे खोलीत असताना ते फाइलीवरून ओळखत बसण्यात काही अर्थ नव्हता.

तेरीज जुळल्यावर थांबण्याचा निर्णय त्या वेळी चूक होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर तेवढाच पुरावा होता. पण स्वीकृतीची कसोटी काम सुरू होण्याआधी लिहून ठेवायला हवी होती, आणि तिच्यात बेरजांबरोबर निदान तीन गोष्टी हव्या होत्या : प्रत्येक सभासदामागे कर्जांची संख्या, जामीनदारांच्या ओळींची संख्या, आणि ज्यांना कर्ज नाही अशा काही ओळखीच्या सभासदांची खाती. तिसरी कसोटी लिपिकबाईंनी नकळत लावली म्हणून हे प्रकरण एप्रिलच्या पगारापर्यंत गेले नाही.

स्क्रिप्ट आता दोन संगणकांवर आणि एका पेन ड्राइव्हवर आहे, सोबत जागांचा छापील तक्ता. मूळ यादी फाइली केवळ वाचण्यापुरत्या, बदल न करता ठेवल्या आहेत. मध्यंतरी पगार विभागाने वसुली यादीतला कर्मचारी क्रमांक दोन अंकांनी लांब केला, कोणाला न कळवता. त्या महिन्यात स्क्रिप्टने सगळी यादी अनोळखी ओळींच्या फाइलीत टाकली आणि काम थांबवले. लिपिकबाईंनी तक्त्यात दोन आकडे बदलले, मुलीला फोनवर वाचून दाखवले, आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत वसुली लागली.